समाधान नको

काठियावाडातल्या लोंगियाळीच्या रळियातमाकडून एखाद्या गोष्टीला ‘हो’ म्हणवून घेणं गावातल्या भल्याभल्यांना जमलं नव्हतं. दूधमंडळीच्या माणसाने फॅट कमी लागलं म्हटलं की ती तिथेच ठाण मांडायची आणि पुन्हा मोजायला लावायची. नवरा गेल्यावर दिराने विहिरीकडचं शेत मागितलं, तेव्हा म्हणाली, “माग की भाई, मागायला कुणाची बंदी आहे?” आणि म्हशींना पाणी दाखवायला निघून गेली. त्यानंतर दिराने तो विषय काढला नाही. मुलगा वशराम छकडो चालवायचा, पुढून फटफटी आणि मागून गाडा असलेला, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ‘चालेल भाई, चालेल’ म्हणायचा. आईची न वाकणारी मान त्याच्याकडे कणभरही आली नव्हती.

ती आली होती सुनेकडे, कुठून आली देव जाणे. कैलासच्या हातचा बाजरीचा रोटला एका कडेला जाड होतो, हे रळियातमा लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगत होती, आणि कैलास दुसऱ्या दिवसापासून तो तसाच थापत होती. दोघींमध्ये गूळपीठ नव्हतं, पण भांडणही नव्हतं. दोघी आपापल्या जागी ठाम, एवढंच.

कैलास तालुक्याच्या गावी कांदा सुकवायच्या प्लांटमध्ये जायची. हंगामात तिथे बायकांच्या रांगा बसतात, प्रत्येकीच्या हातात छोटी धारदार सुरी, कांद्याचं बूड आणि शेंडी कापून टोपलीत टाकायचं. त्या हंगामात एका दुपारी मुकादम जेरामने ढिगाच्या आडोशाला कैलासचा हात धरला. सोड म्हणाली तरी सोडला नाही. तिच्या दुसऱ्या हातातली सुरी त्याच्या पंज्यात घुसली, शीर तुटली, आणि त्याचं एक बोट पुन्हा कधी वाकलं नाही.

जेरामने फिर्याद दिली, की उशिरा आल्याबद्दल बोललो म्हणून या बाईने माझ्यावर वार केला. कैलासने जे सांगितलं ते कागदावर उतरलंच नाही. संध्याकाळच्या आत ती कोठडीत होती, आणि तिथून जिल्ह्याच्या जेलमध्ये.

आता पुढचं समजण्याआधी एका शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. आपण मराठी माणसं समाधान म्हणतो ते पोट भरल्यावरचं, पोर मार्गाला लागल्यावरचं. काठियावाडात समाधान म्हणजे तडजोड. मारामारी झाली, शेताचा बांध फोडला, कुणाच्या पोरीला कुणी काही बोललं, की मोठी माणसं जमतात आणि समाधान करतात. झालेलं कुणी नाकारत नाही आणि कुणी सांगतही नाही. त्यावर माती टाकतात आणि वरून चालायला लागतात. इतकी वर्षं या लोकांत राहूनही तो शब्द ऐकला की मी क्षणभर फसतो.

या समाधानाचे तालुक्यातले मोठे कारागीर म्हणजे भीमजीभाई वकील. कोळी समाजाचे प्रमुखही तेच. माणूस वाईट नव्हता. कित्येकांना त्यांनी जेलच्या दारातून घरी आणलं होतं, आणि त्यांच्या नावाने नारळ फोडणाऱ्या म्हाताऱ्या गावोगाव होत्या. वशराम आईला घेऊन थेट त्यांच्याकडेच गेला. दुसरीकडे जायचं असतं हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

“या रळियातमा, बसा. पाणी आणा रे कुणी मासाठी.” भीमजीभाईंनी स्वतः खुर्ची पुढे केली. “हे बघा, काळजी सोडा. जेराम आपलाच, तुमची वहू कैलास पण आपलीच. समाधान करून टाकू. जेराम लिहून देईल, माझी हरकत नाही म्हणून, की जामीन झालाच समजा. पुढे केसही विरून जाईल.”

“आणि वहूने काय लिहून द्यायचं?”

“काही नाही हो! दोन ओळी. रागाच्या भरात चूक झाली, माफी असावी. समाजाच्या वाडीत चार माणसांसमोर तुम्ही बोलायचं, सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा, विषय संपला.”

“हात त्याने धरला.”

“आता ते कुणी पाहिलंय, मा?”

“जिचा धरला तिने पाहिलंय.”

वशराम खुर्चीत चुळबुळला. भीमजीभाई समजुतीने हसले. “मा, माझ्यावर विश्वास ठेवा. मी आजवर एकही केस हरलेलो नाही.”

“लढलात किती?” रळियातमाने विचारलं.

बाहेर टाइप करणाऱ्या मुलीची बोटं थांबली. भीमजीभाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. रळियातमा उठली. “वहूला विचारून सांगते,” म्हणाली आणि पाणी न पिताच पायऱ्या उतरली.

जेलच्या भेटीला जाळी होती, आणि जाळीपलीकडे कैलास दोन दिवसांत वाळल्यासारखी दिसत होती. तिने आधी म्हशींची चौकशी केली.

“म्हशींचं सोड,” रळियातमा म्हणाली. “भीमजीभाई म्हणतोय, माफी माग आणि घरी ये.”

“माग ना,” वशराम मध्येच बोलला. “दोन शब्द तर आहेत.”

कैलासने नवऱ्याकडे पाहिलं. “दोन शब्दच आहेत तर जेराम का नाही म्हणत?”

वशराम जाळीच्या तारा मोजायला लागला.

“मला घरी यायचंय, बा,” कैलास सासूला म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. “इथे घास घशाखाली जात नाही. पण मी माफी मागून आले, तर उद्या तो त्याच ढिगामागे माझ्या शेजारी बसणाऱ्या बधीचा हात धरेल. आणि बधीच्या हातात सुरी असेल तरी ती गप्प उभी राहील. कैलासने शेवटी माफीच मागितली ना, म्हणेल.”

रळियातमाला काय वाटलं ते तिने पुढे कैक वेळा सांगितलं. आपल्या पोटची नाही ही, तरी छाती भरून आली, असं. पण तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बरं. मग दुसरा वकील बघते.”

बघते म्हणणं सोपं. वकील कसा बघायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. विचारलं तर प्रत्येक जण सल्ला द्यायचा. आपल्या समाजाचा बघ. ज्याच्या दारात मोठी मोटार आहे तो बघ. ज्याची साहेबाबरोबर ऊठबस आहे तो बघ. रळियातमाने सगळं ऐकलं, आणि सकाळचं दूध घालून झालं की रोटला, लसणाची चटणी आणि ताकाची बाटली बांधून तालुक्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायला लागली.

“मा, तुमची तारीख आहे आज?” पट्टेवाल्याने विचारलं.

“नाही.”

“मग इथे काय काम?”

“बघायला आले.”

“इथे काय बघण्यासारखं आहे?”

“ते अजून कळलेलं नाही. कळलं की उठेन.”

पट्टेवाल्याने हात टेकले. ती रोज यायची, डोक्यावरचा पदर नीट करायची आणि बघत बसायची. मधल्या सुट्टीत एकेका वकिलाला गाठायची. एकाने सगळ्यात आधी समाज विचारला, आणि ऐकून म्हणाला, मग भीमजीभाई आहेत की. एक जण मोबाइलवर बोट फिरवतच हं हं करत राहिला. तिने मुद्दाम मध्ये ‘आणि मग म्हैस झाडावर चढली’ म्हटलं, तरी त्याचं हं चालूच. एकाने दयेने सांगितलं की बाईमाणसाच्या अब्रूचं प्रकरण कोर्टात आणू नये. “अब्रू त्याची जाईल,” रळियातमा म्हणाली, “ज्याने हात धरला. आमची कशाला जाईल?” जिल्ह्याहून मोटारीने येणाऱ्या एका बड्या वकिलाने मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. तिला वाटलं, सापडला. त्याने चष्मा पुसला आणि विचारलं, “बरं, समाधानाचं काय म्हणता?”

त्या शब्दाने तिला आंबट ढेकर यायला लागले होते.

आणि मग तिने सदुभाईंना हरताना पाहिलं.

सदरुद्दीन विराणी, खोजा मुसलमान. कोट कोपरांवर विटलेला, आवाज बसका, मधूनमधून खोकला. कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरल्याचा आळ असलेल्या लाभू नावाच्या टेम्पोवाल्याची बाजू ते मांडत होते. साक्षीदाराला त्यांनी विचारलं, अंधारात तोंड कसं दिसलं. तो म्हणाला, चांदणं होतं. सदुभाईंनी पंचांग काढलं. समोरचा वकील हसला, दोन-तीन जण हसले. न्यायाधीश म्हणाले, “वकीलसाहेब, अजून किती वेळ?” सदुभाई वाकून म्हणाले, “साहेब, माझा वेळ थोडाच जाईल. याचा फार जाईल.” आणि पुढचा प्रश्न विचारला. तरी लाभूला शिक्षा झाली. इतर दोन साक्षी पक्क्या निघाल्या.

लाभूला पोलीस बाहेर नेत होते तेव्हा रळियातमा आडवी गेली. “अल्या भाई, तुझा वकील कसा आहे?”

लाभूने तिच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. “हरला की, मा!”

“ते मीही पाहिलं. कसा आहे ते सांग.”

हवालदार ओढत होता. लाभू दोन पावलं गेला आणि मान वळवून म्हणाला, “मी जे सांगितलं तेवढंच बोलला. माझ्या तोंडात दुसरं काही कोंबलं नाही त्याने. वरच्या कोर्टात पण त्यालाच देणार मी.”

हरलेला माणूस आपल्या हरलेल्या वकिलालाच पुन्हा धरतो म्हणजे त्याने या माणसात काही पाहिलंय. रळियातमाला आणखी बघायची गरज उरली नाही. ती उठलेली पाहून पट्टेवाल्याने कपाळाला हात लावून सलाम केला.

सदुभाईंची बसायची जागा सायकलवाल्याच्या दुकानामागे होती, आणि तिथपर्यंत जाताना दोन पंक्चर ट्यूब ओलांडाव्या लागायच्या.

“कुणी पाठवलं, बेन?” सदुभाईंनी विचारलं.

“एका कैद्याने.”

त्यांना हसू आलं, हसता हसता खोकला आला. पाणी पिऊन त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच थांबवलं, हात कुठला धरला ते विचारायला.

“रळियातबेन, तुमच्या वहूला सुटायचंय की सांगायचंय?”

“म्हणजे?”

“सुटायचं असेल तर भीमजीभाईंसारखा वकील पंचक्रोशीत नाही. टोमणा नाही हा, खरंच सांगतो. सांगायचं असेल तर वेळ लागेल. लोक वाटेल ते बोलतील. आणि मी हरूही शकतो. हरतो मी, तुम्ही ऐकलं असेल.”

“ऐकलं नाही, पाहिलंय.” रळियातमाने पदर सावरला. “तिला दोन्ही पाहिजे. सुटायचंही आणि सांगायचंही. आधी काय, नंतर काय, ते तुम्ही ठरवा. फी लागेल ती सांगा, एक म्हैस विकेन, पण तिचं तोंड बंद करून घरी आणणार नाही.”

“म्हैस राहू द्या,” सदुभाई म्हणाले. “पण एक लक्षात ठेवा. मला निवडणाऱ्या तुम्ही नाही. तुमचा मुलगाही नाही. वकालतनाम्यावर सही कैलासबेनची लागते. वकील आरोपीचा असतो, घराचा नसतो.”

इतके दिवस बाकावर बसून आपण वकील निवडतोय असं रळियातमाला वाटत होतं. निवडायचं होतं जाळीपलीकडच्या पोरीने. “मग चला,” ती म्हणाली. “तिला दाखवते तुम्हाला. नाही आवडलात तर पुन्हा बाकावर बसेन.”

पण जेलची भेट व्हायच्या आधीच वशरामने घोळ घातला.

त्या मुलखात दोन घरांत वैर आलं की एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. आणि ज्या दिवशी दोन्हीकडची माणसं चार जणांत बसून एकत्र चहा पितात, त्या दिवशी समाधान झालं. त्याला सही लागत नाही, शिक्का लागत नाही. वशराम हे जन्मापासून बघत आला होता. तरी समाजाच्या वाडीसमोर, म्हणजे समाज जिथे जमतो त्या इमारतीसमोर, छकडो थांबवून प्रवासी उतरवत असताना भीमजीभाईंनी आतून हाक मारली, आणि हा ‘आलो भाई’ म्हणून गेला. आत पाच-सात माणसं, आणि हाताला पट्टी बांधलेला जेराम. जेरामने डाव्या हाताने चहा पुढे केला. नाही म्हणायचं कसं, हे वशरामला कुठून येणार? त्याने रकाबीत ओतला, फुंकर मारली आणि प्यायला. दिवस मावळायच्या आत प्लांटमधल्या बायकांपर्यंत पोचलं, की समाधान झालं. कैलासचं ‘सोड’ जिने ऐकलं होतं ती बधी साक्ष द्यायला कशीबशी तयार झाली होती. तिने निरोप पाठवला, मिटलंच आहे तर मी कशाला वाईट होऊ?

रळियातमाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“अल्या, चहा प्यायलास?”

“अर्धीच रकाबी, बा.”

“अर्ध्या रकाबीत अख्खी बायको बुडवलीस!”

“सगळे बसले होते, बा. तोंडावर कसं नाही म्हणायचं?” वशरामला रडू फुटलं. “मला ती घरी पाहिजे. मला काय कोर्टकचेरीची हौस आहे?”

हे मात्र खरं होतं, आणि रळियातमाला ते दिसलं. ती त्याच्याजवळ बसली. “मलाही ती घरी पाहिजे, गांडा,” ती म्हणाली. तिकडे पोराला वेडा म्हणायचं तर असंच म्हणतात, आणि त्यात मायाच जास्त असते. “पण ती आल्यावर तू तिच्याकडे कुठल्या डोळ्यांनी बघणार आहेस?”

त्या दिवसानंतर वशरामने ‘दोन शब्द तर आहेत’ हे पुन्हा कधी म्हटलं नाही.

दुसऱ्या सकाळी रळियातमा वाडीत गेली. पुरुष मंडळी बसली होती. तिने रिवाजाप्रमाणे तोंडावर पदर ओढला, ओसरीच्या खाली उभी राहिली, आणि पदराआडून जे बोलली ते रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू गेलं.

“चहा वशरामने प्यायला. त्याचं आणि जेरामचं काही वैर होतं तर त्यांचं समाधान झालं. दोघांनी सुखाने नांदावं. माझ्या वहूच्या घशाखाली एक थेंब उतरलेला नाही.”

“मा, समाजात बोललेलं असं फिरवता येत नाही,” भीमजीभाई म्हणाले.

“मी फिरवत नाहीये. मी कधी बोललेच नव्हते.”

“मग समाज तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.”

“नका उभे राहू. बसूनच तर होतात.”

कुणीतरी खोकण्याच्या निमित्ताने हसलं. रळियातमा वळली आणि थेट बधीच्या घरी गेली. तिथे ती ओरडली नाही. कैलास जाळीपलीकडून काय म्हणाली होती, तेवढंच तिने बधीला शब्दाला शब्द सांगितलं आणि पाणी पिऊन परत आली.

जेलमध्ये कैलासने सदुभाईंना एकच प्रश्न विचारला. “तुम्ही मला बोलू द्याल?”

“देईन. पण एक अक्षर खोटं नको. सुरी लागली हे नाकारायचं नाही.”

“कशाला नाकारू? लागलीच ती.”

भीमजीभाईंच्या माणसाने आणून ठेवलेला वकालतनामाही तिच्याकडे होता. तिने तो जेलरला परत दिला आणि सदुभाईंच्या कागदावर सावकाश सही केली. कैलास अक्षर लावून लावून लिहायची. तिच्या सहीला वेळ लागायचा, पण त्यातलं एकही अक्षर दुसऱ्याचं नसायचं.

पहिला जामीन अर्ज सदुभाई हरले. गाव हसलं. “काय मा, बाकावर बसून हाच निवडला होय?” असं डेअरीच्या रांगेत कुणीतरी म्हणालंच. रळियातमा म्हणाली, “तुझी म्हैस पहिल्याच दिवशी दूध द्यायला लागली होती काय?” घरी येऊन मात्र तिने भाकर तशीच झाकून ठेवली. पोरगी आणखी तिथे राहणार हे तिला सोसवत नव्हतं. आपल्या हट्टापायी तर नाही ना, हा विचार तिला रात्रंदिवस कुरतडत होता. पुढच्या भेटीला तिने ते कैलासला बोलूनही दाखवलं. “बा, हट्ट माझा आहे,” कैलास म्हणाली. “तुम्ही वाटून घेऊ नका.”

वरच्या कोर्टात सरकारी वकिलाने चहाच पुढे आणला. या लोकांनी समाजात बसून समाधान केलं होतं, म्हणजे गुन्हा कबूल होता, असा त्याचा रोख. सदुभाई उठले. “साहेब, चहा नवऱ्याने प्यायला. आरोपी बायको आहे. नवऱ्याच्या घोटाने बायकोचा कबुलीजबाब होतो, असा कायदा माझ्या तरी वाचनात नाही.” न्यायाधीश हसले आणि मग बराच वेळ कागद वाचत बसले. जामीन झाला. वशराम कैलासला आणायला छकडो धुऊन घेऊन गेला, आणि परतीच्या वाटेवर एकही प्रवासी घेतला नाही.

केस पुढे चालली, तारखांमागून तारखा पडल्या. कैलास पूर्ण निर्दोष सुटली, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण रळियातमा निकालाची गोष्ट कधी सांगतच नाही. कुणी विचारलं तर म्हणते, “निकाल आला नंतर, चांगला आला.” ती सांगते तो दिवस वेगळा.

त्याच्या आधी बधी येऊन साक्ष देऊन गेली होती, अडखळत, पण देऊन गेली. आता आरोपीला विचारायची पाळी होती. या कोर्टात ते कसं चालतं हे बाकावर बसून बसून रळियातमाला पाठ झालं होतं. न्यायाधीश प्रश्न वाचतात, आरोपी म्हणतो ‘खोटं आहे’. पुढचा प्रश्न, ‘खोटं आहे’. पुढचा, ‘खबर नाही’. चोर असो की साव, वकील सगळ्यांना हेच पढवून आणतात, आणि टायपिस्टचे हात हे शब्द न ऐकताच उमटवतात.

कैलासने आधीच्या प्रश्नांची उत्तरं थोडक्यात दिली. मी प्लांटमध्ये कामाला होते, हे खरं. त्या दिवशी उशिरा आले, हे खोटं. सुरी माझी, हे खरं. त्या ‘खरं’ शब्दाला सगळ्या कोर्टाने मान वर केली. समोरच्या रांगेत जेराम आपल्या न वाकणाऱ्या बोटाकडे बघत बसला होता, आणि त्याच्या शेजारी भीमजीभाई.

न्यायाधीशांनी शेवटचा ठरावीक प्रश्न वाचला. “तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?”

टायपिस्टने ‘नाही’ टाइप केलं. आजवर कुणी दुसरं काही म्हटलं नव्हतं.

“हो,” कैलास म्हणाली.

त्याची बोटं हवेतच राहिली. त्याने न्यायाधीशांकडे पाहिलं. “ते खोडा,” न्यायाधीश म्हणाले.

“साहेब, यांनी माझा हात धरला. मी सोडा म्हणाले. यांनी सोडला नाही. माझ्या दुसऱ्या हातात सुरी होती, कारण मी कामावर होते. मी हात सोडवून घेतला. मला त्याची लाज वाटत नाही, आणि मी माफी मागणार नाही.”

मागच्या बाकावर रळियातमाने पदर तोंडात धरला होता आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या. शेजारी बसलेला वशरामही तसाच.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. “बेन,” ते म्हणाले, “जरा सावकाश, पुन्हा पहिल्यापासून सांगा. शब्दाला शब्द लिहून घ्यायचंय.”